सासऱ्याच्या नावाची शेळी

माफुयाना शेळी घेऊन घराबाहेर पडली तेव्हा ऊन नुकतं मोपानीच्या झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. शेळी काळी, एका कानावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने अगदी मालकिणीवर गेलेली. ओढलं की पाय रोवून उभी राहायची. दोघी रखडत हापशापाशी आल्या, तेव्हा पाण्याला जमलेल्या बायकांना आयतीच करमणूक मिळाली.

"गोगो, कुणाच्या लग्नाला चालली ही?" एकीने विचारलं. गोगो म्हणजे आजी; माफुयानाला सगळं गाव तसंच म्हणे.

"लग्नाला नाही. समितीपुढे."

"म्हणजे आता शेळीचीही साक्ष घेणार का ते?"

"घेतली तर बरंच होईल. तिला हात लावला की निदान तोंड तरी उघडते. तुमच्या गावप्रमुखाला तेवढंही जमत नाही."

बायका हसल्या, पण हसता हसता एकमेकींकडे बघायला लागल्या. गावप्रमुख खेथानी माबेना हा म्हातारीचा सख्खा दीर. त्याच्याबद्दल चारचौघांत असं बोलायची सिपोन्गो गावात कुणाची प्राज्ञा नव्हती. माफुयानाने मात्र दोरी मनगटाला आणखी एकदा गुंडाळली आणि शाळेची वाट धरली.

एवढं चिडायला झालं काय होतं, तर ऐका. चाळीस वर्षांपूर्वी माफुयानाच्या सासऱ्याला लाल टोपीवाल्या सैनिकांनी गावाच्या हौदापाशी मारलं. गोचिडं मारायला गुरांना औषधाच्या पाण्यातून काढतात तो हौद, सगळ्या गावाची ये-जा असलेली जागा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारलं. आणि आता, त्या दिवसांच्या आठवणी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जमवणारी समिती गावात आली, तिच्या कागदावर त्या माणसाबद्दल काय लिहिलं गेलं? एक वृद्ध पुरुष, नाव अज्ञात.

ज्याने खणलेल्या विहिरीचं पाणी अर्धं गाव प्यायलं, ज्याच्या बैलांनी विधवांची शेतं फुकट नांगरली, तो म्हणे अज्ञात. गावातलं शेंबडं पोरही त्याचं नाव सांगेल. सांगू शकत नव्हती ती एकटी माफुयाना, आणि समितीने साक्ष घेतली होती तिची.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, नावाच्या जवळपास जाणारा शब्दही तोंडातून काढत नाही. दारू गाळायच्या मोठ्या मडक्याला सगळे इंबिझा म्हणतात. तो शब्द सासऱ्याच्या नावाला लागून आहे, म्हणून माफुयाना लग्न होऊन आली तेव्हापासून मडक्याला 'शिजवायचं' म्हणते. "ते शिजवायचं आण गं इकडे." तिच्या नातवंडांनी शाळेत मडक्याच्या चित्राला 'शिजवायचं' म्हणून सांगितलं आणि वर्गाचं हसू ओढवून घेतलं. तरी ती बदलली नाही. ती स्वतः घेत नाही तोवर ते नाव या गोष्टीतही येणार नाही. तेवढा तिचा मान ठेवायला हवा.

नवी नवरी असताना ती एकदा, फक्त एकदाच घसरली होती. चुलीवरचं उतू जायला लागलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई, इंबिझा." सासूने कपाळाला हात लावला. सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव निघालं की माहेरून शेळी येईपर्यंत दोष फिटत नाही. तिच्या माहेरचे फुयाना हातावर पोट असलेली माणसं, पण लेकीपायी त्यांनी शेळी पाठवली. सासऱ्याने ती अंगणात बांधलेली पाहिली, तपकिरीची डबी काढली, चिमूटभर नाकात ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगी आली, पण तिचं तोंड अजून माहेरच्या वाटेवर आहे. येईल मागाहून. शेळी परत पाठवा." सासू दोन दिवस कुणाशी बोलली नाही. शेळी मात्र परत गेली.

त्यानंतर माफुयानाची जीभ कधी घसरली नाही. रीतीच्या धाकाने नव्हे. ज्या माणसाने आपल्या माहेरची लाज राखली, त्याचं नाव आपण राखायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. तिचा नवरा मेहलुली सीमेपलीकडे जोहान्सबर्गच्या खाणीत. नाताळला यायचा, ब्लँकेट आणि साखर आणायचा, चार दिवस गाणं-बजावणं करायचा आणि परत जायचा. सासू लवकर गेली. मग घर ओढलं ते सासरा आणि सून या दोघांनी, एकमेकांच्या चेहऱ्याकडे धड न बघता. तो अंगणात पाऊल टाकण्याआधी खाकरायचा. ती डोक्याचा रुमाल पुढे ओढून, गुडघ्यावर बसून मक्याची उकड आणि विरजलेलं दूध पुढे ठेवायची. पेरणी कधी, कुठली गाय विकायची, हे सगळं त्यांनी असं तिरकं बघतच ठरवलं. मेहलुली शेवटी खाणीतच वारला, तेव्हा तोंड फिरवून रडणारा आणि तिला "रड, पोरी" म्हणणारा हाच सासरा होता.

सासऱ्याला मारलं त्या वर्षी पाऊस नव्हता. बाजरी वीतभर होऊन वाळली होती. खेथानी दोन वर्षांपूर्वी स्वातंत्र्याच्या लढाईतून बंदूक खाली ठेवून घरी आला होता. पण ज्या बाजूने तो लढला, ती बाजू आता सरकारला नकोशी झाली होती. मग त्या बाजूची माणसं नकोशी झाली, आणि मग त्यांची भाषा बोलणारी सगळीच. लाल टोपीवाले सकाळी आले, तेव्हा खेथानी नदीपलीकडच्या झुडपांत होता. त्यांनी गावाला हौदापाशी बसवलं आणि खेथानी कोण म्हणून विचारायला सुरुवात केली. कुणी बोलेना. तेव्हा त्यांनी दुसऱ्याच घरातला एक पोरगा ओढून काढला आणि म्हणाले, हाच तो.

सासऱ्याने टोपी काढली आणि उभा राहिला. "तो खेथानी नव्हे. सोडा त्याला. खेथानीचा बाप मी आहे."

त्यांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. पाहुण्यांना सांगावं तसं, बापाच्या आणि आजाच्या नावासकट, खड्या आवाजात. मुलगा कुठे आहे म्हणून विचारलं. ते त्याने सांगितलं नाही.

पुढचं माफुयानाने कुणाला सविस्तर सांगितलं नाही, समितीला सांगेपर्यंत. खड्डा बायकांकडून खणून घेतला. रडायची बंदी होती. उलट गाणं म्हणायला लावलं, त्यांच्या भाषेतलं, त्यांच्या पुढाऱ्याच्या कौतुकाचं. एका सैनिकाने माफुयानाला बोटाने बोलावलं आणि सासऱ्याला उचलायला पाय धर म्हणाला. सुनेने सासऱ्याच्या देहाला हात लावायचा नसतो. तिने लावला. मग डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या चेहऱ्यावर टाकला, माती थेट तोंडावर पडू नये म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यापुढे उघड्या डोक्याने उभी होती, आणि तोंडाने गाणं म्हणत होती.

त्यानंतर चाळीस वर्षं गप्प. सरकार म्हणालं, झालं गेलं विसरा. चर्च म्हणालं, क्षमा करा. खेथानी सीमेपलीकडे पळाला होता, तो दोन्ही बाजूंचा समेट झाल्यावर परतला, आणि काही वर्षांत सैनिक पाठवणाऱ्या त्याच पक्षाचा झेंडा घेऊन हिंडायला लागला. पुढे गावप्रमुख झाला. मेल्या माणसाचा आत्मा घरी आणायचा तर मुलाने गुरांच्या वाड्यात उभं राहून बापाला नावाने हाक मारायची असते. त्यासाठी माफुयाना दर हिवाळ्यात विचारायची. खेथानी दर हिवाळ्यात म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. म्हातारा अजून हौदापाशीच पडून होता, आणि घरी बोलावणारं कुणी नव्हतं.

आणि मग अचानक एक दिवस सरकारला आठवणींची आठवण झाली. शाळेत टेबल आलं, यंत्र आलं, प्रत्येक साक्षीदाराला एक पाव आणि पाण्याची बाटली आली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर गुमेडे, जे अजूनही सगळ्या गावाकडे तिसरीचा वर्ग असल्यासारखे बघत. त्यांच्या बाजूला समितीवरचा माणूस म्हणून कोट घालून बसलेला खेथानी. साक्ष लिहून घ्यायला बुलावायो शहरातून आलेली थान्देकिले नावाची मुलगी.

"गोगो," मास्तर म्हणाले, "त्या दिवसांतल्या गडबडीबद्दल काय आठवतं ते थोडक्यात सांगा."

"गडबड लग्नघरात असते, मास्तर. इथे माणसं मारली," माफुयाना म्हणाली. "आणि थोडक्यात जमणार नाही. चाळीस वर्षं तुम्ही गप्प बसवलंत, ते काय थोडक्यात बसवलंत?"

तिने सगळं सांगितलं. थान्देकिले लिहिता लिहिता दोनदा थांबली आणि डोळे पुसून पुन्हा लिहायला लागली. शेवटी तिने हळूच विचारलं, "गोगो, त्यांचं नाव?"

"मला घेता येत नाही, बाळ. भावजी बसलेत ना तिथे, त्यांना विचार. बाप त्यांचाच."

एवढं सांगून माफुयाना घरी आली. छातीवरची धोंड उतरल्यासारखं तिला वाटलं, त्या दिवशी ती पोटभर जेवली. मुलगा आपल्या बापाचं नाव सांगणार नाही, ही शंका तिच्या मनाला शिवलीही नाही. कुणाच्या शिवली असती?

शेजारीण मात्शुमा आपली साक्ष वाचून घ्यायला गेली होती, तिने काल येऊन सांगितलं. "तुझ्या सासऱ्याला अज्ञात करून टाकलंय गं. पोरीने भावजींना विचारलं, तर म्हणाले, समितीच्या माणसाने साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालायचे नसतात. मी म्हटलं, मी सांगते नाव, माझा काही तो सासरा नव्हे. तर मास्तर म्हणाले, ज्याची साक्ष त्याच्याच तोंडून यायला हवं. उद्या शेवटचा दिवस. मग कागद बुलावायोला जाणार आणि बंद होणार, कायमचे."

माफुयाना तशीच उठून दिराकडे गेली. खेथानी पत्र्याच्या नव्या ओसरीत मटण खात बसला होता.

"या वहिनी. बसा, जेवा."

"जेवायला नाही आले. मामंजींचं नाव का नाही सांगितलंत?"

"नियम आहे, वहिनी. समितीवर बसलेल्याने साक्ष द्यायची नाही."

"मग घटकाभर उठा. इकडच्या खुर्चीवरून तिकडच्या खुर्चीवर बसा, नाव सांगा, आणि परत जाऊन बसा. तेवढ्यात खुर्ची कुणी पळवत नाही."

"तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"कळेल असं सांगा. मी काही कुठे जात नाही."

खेथानीने हाड ताटात ठेवलं. बोटं पुसली. "नाव लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, याला कशासाठी मारलं. मग माझं नाव येतं. मग मी कुठे होतो ते येतं. आज मला वर सरकारात मान आहे, दोन्ही पोरं सरकारी नोकरीत आहेत. हे सगळं उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"तुम्ही झुडपात होतात. जीव वाचवायला लपलात, त्यात लाज कसली? तेव्हा सगळेच लपले. त्याबद्दल चाळीस वर्षांत मी तुम्हाला एका शब्दाने बोलले का?"

"नाही."

"तर आज बोलते. तेव्हाचं लपणं मला समजतं. आता कशापासून लपताय? कोट घालून, बापाच्या नावावर बसून?"

खेथानीचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. गावप्रमुखाला असं बोललेलं ऐकायची सवय राहिली नव्हती. "एवढाच पुळका असेल तर तुम्हीच घ्या ना नाव. अडवलंय कुणी? रीतीप्रमाणे शेळी तेवढी द्यावी लागेल." आणि तो हसला. जी बाई पन्नास वर्षं मडक्याला मडकं म्हणाली नाही, ती काय नाव घेणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर त्याने बापाला अज्ञात करून टाकलं होतं. आणि माफुयानाला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. तिने आयुष्यभर जो मान राखला, त्याचंच या माणसाने झाकण केलं होतं.

तर ही त्या शेळीची हकिकत. शाळेच्या वाटेवर हौद लागतो. आता त्यात पाणी नाही, भिंत फुटली आहे, आणि त्या जागेवर काटेरी झुडूप वाढलं आहे. माफुयाना तिथे थांबली आणि गुडघे टेकले. शेळी झुडपाचा पाला खायला लागली.

"मामंजी," ती म्हणाली, "आज माझ्या तोंडून वाईट निघणार आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण ज्याच्यामुळे ही वेळ आली, त्याला आधी धरा. शेळी आणली आहे. ही माहेरची नाही, माझी आहे, मी वाढवलेली." मग गुडघ्याची माती झटकून उठली.

शाळेत सगळा गाव जमला होता. तिने शेळी दाराबाहेर मारुलाच्या झाडाला बांधली आणि आत जाऊन बायकांच्या मागच्या बाकावर बसली. थान्देकिले एकेक साक्ष वाचत गेली. माफुयानाच्या साक्षीचा शेवट आला. एक वृद्ध पुरुष, नाव अज्ञात. वाचताना त्या मुलीचा आवाज खाली गेला.

"कुणाची हरकत?" मास्तरांनी सवयीने विचारलं आणि पुढचा कागद हातात घेतला.

"माझी आहे."

"बसून सांगा, गोगो."

"उभीच बरी. पोरी, ते यंत्र चालू आहे ना? जवळ आण."

मास्तरांनी चष्मा काढला. "तुम्हाला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाव चालणार नाही."

"दुसऱ्याचं नकोच आहे. दुसऱ्यांना वेळ दिला होता." तिने खेथानीकडे पाहिलं. मग डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि बाकावर ठेवला. पांढऱ्या केसांची ती म्हातारी बोडक्या डोक्याने चारचौघांत उभी राहिली, तेव्हाच जाणत्या बायकांना काय होणार ते कळलं. मात्शुमाने तोंडावर हात ठेवला.

"म्बिझो माबेना," माफुयाना म्हणाली.

थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून ती बोलतच राहिली, हौदापाशी त्याने सांगितलं होतं त्याच क्रमाने. "म्बिझो माबेना. सितोले माबेनाचा मुलगा. न्गोन्या माबेनाचा नातू. मरण्याआधी त्यांनी आपलं नाव स्वतः सांगितलं होतं, खड्या आवाजात. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलंय. तरी तुमच्या कागदावर ते अज्ञात. का मारलं तेही लिही, पोरी. मुलगा कुठे आहे ते सांगितलं नाही, म्हणून. मुलाचं नाव खेथानी माबेना. पत्ता लिहायची गरज नाही, तुझ्या शेजारीच बसलाय."

थान्देकिले लिहीत होती. मास्तर कधी यंत्राकडे बघत होते, कधी खेथानीकडे, आणि थोडक्यात सांगा असं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. बायकांच्या बाकांवरून आधी एक हुंदका आला, मग दुसरा. हौदापाशी रडू दिलं नव्हतं, ते रडणं आता बाहेर पडत होतं. खेथानी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता.

माफुयाना बाहेर गेली. परत आली ती शेळीला घेऊनच. शेळीने उंबऱ्यावर नेहमीसारखे पाय रोवले, पण आज मालकीण जास्त हट्टी होती. ओढत ओढत तिला टेबलापर्यंत आणलं आणि दोरीचं टोक खेथानीच्या पुढ्यात, कागदांवर ठेवलं.

"तुमच्या वडलांचं नाव मी तोंडाने घेतलं, भावजी. रीत मोडली. तुम्हीच म्हणालात शेळी द्यावी लागेल, तर ही घ्या. मी घेतलं त्याची ही झाली. तुम्ही घेतलं नाहीत, त्याचं काय द्यायचं असतं, ते आपल्या रीतीत कुणी सांगून ठेवलेलं नाही. तसा मुलगा होईल असं कुणाला वाटलंच नसेल."

खेथानीने दोरीला हात लावला नाही. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या बाकांनाच ऐकू गेला. "वहिनी, शेळी राहू दे. घेऊन जा परत."

"ही परत पाठवायचा हक्क एकाच माणसाला होता," माफुयाना म्हणाली. "तो तिकडे हौदापाशी आहे. त्याला घरी बोलवा, मग विचारू."

तिने रुमाल उचलला, पण बांधला नाही. हातात तसाच धरून ती घरी निघाली.